लाल दिवशी नळाला पाणी

कूलरचं जुनं गवत ओढून काढत होते. वर्षभराची धूळ, कुठल्याशा किड्यांची टरफलं आणि तो कुबट वास. तो नाकात गेला की कळतं, आता पाऊस पडेपर्यंत काही खरं नाही. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. हात पदराला पुसून पाहिलं, तर यंदाचा पहिला पिवळा आला होता.

लोकांकडे उन्हाळा आंब्याच्या पेटीतून येतो, मुलांच्या निकालातून येतो, लग्नपत्रिकांतून येतो. आमच्याकडे तो रंगातून येतो. मी शहरातल्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. उद्या ऊन किती तापणार याचा इशारा हवामान खात्याकडून निघतो, एकेक कार्यालय उतरत आमच्या मोबाइलवर पोचतो, आणि त्याला रंग असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता जे काही करायचं ते करा. पिवळ्याचं मला काही वाटत नाही. केशरी आला की माझं जेवण कमी होतं. आणि लाल आला की मी आधी एकच गोष्ट आठवून बघते, उद्या आमच्या गल्लीत नळाची पाळी तर नाही ना.

ज्यांच्या घरी रोज नळाला पाणी येतं, त्यांना हे सांगून समजायचं नाही. आमच्या शहरात पाण्याची पाळी असते. आज आलं की मग आठवडा उलटून, दिवस आधी कळतो, वेळ नाही. कधी भल्या सकाळी, कधी भर दुपारी. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत माणसं वाढदिवस विसरतील, पण पाळी विसरणार नाहीत. त्या दिवशी लग्नाला कुणी जात नाही, दवाखान्यात कुणी येत नाही. पाण्याच्या मोटारी काढायच्या, नळ्या जोडायच्या, पिंपं घासायची आणि नळाकडे कान लावून बसायचं. आधी नळातून हवा सूं सूं करते. तो आवाज ज्यानं ऐकला तो ओरडतो, "आलं, आलं!" आणि सगळी गल्ली एकदम उठून उभी राहते.

आणि त्याच वेळी आमचा इशारा सांगत असतो, दुपारी घराबाहेर पडू नका.

हा इशारा सांगणारी मीच. म्हणजे अक्षरशः मी. एका उन्हाळ्यात ठरलं की सूचना घराघरांत पोचवायच्या तर घंटागाडीइतकं चांगलं साधन नाही. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारात जाते, तिला भोंगा असतोच. माझा आवाज बरा म्हणून माझ्याकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं. "नागरिकांनो, उन्हाची तीव्रता वाढली आहे. दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. डोक्यावर पांढरा रुमाल ठेवा." ओला कचरा, सुका कचरा यांच्या मधोमध माझा आवाज बसवला. पहिल्या दिवशी मी दाराआड उभी राहून ऐकला. बरा वाटला, खोटं कशाला बोलू.

माझ्या सासूबाई, गयाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या कचऱ्याची बादली हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आता कचऱ्याच्या गाडीतून बी सूनच बोलायली," त्या म्हणाल्या. "घरात काय कमी व्हतं?"

समोरच्या दारात शमीमखाला खो खो हसली. शमीमखाला आमच्या समोर एकटी राहते. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. तिची आणि आत्याबाईंची मैत्री आमच्या लग्नाच्याही आधीची. दोघींचं एका दिवसासाठीही पटत नाही आणि एका दिवसासाठीही करमत नाही. बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या कोपऱ्यावर लिंबू सरबताचं पिंप लागतं. लिंबं खाला कापते, साखर आत्याबाई घालतात आणि साखर जास्त झाली की कमी, यावरून दोघी भर मिरवणुकीत भांडतात. सरबत मात्र फार छान होतं.

"अगे गया, बहू सच बोल रही," खाला म्हणाली. "नल कू बी बोलने बोल उसकू, बारा से चार नक्को आ करके!"

गल्ली हसली. मीही हसले. पण ते हसणं नंतर मला पुष्कळ दिवस टोचत राहिलं, कारण खाला बोलली त्यात सगळं आलं होतं. भरपूर पाणी प्या म्हणणारी मी, आणि ते पाणी येणार ते माझ्याच बारा ते चारमध्ये.

आत्याबाईंना उन्हाची भीती घालणं सोपं नव्हतं. त्या गंगापूरकडच्या. लहानपणापासून रानात. "ऊन काय मला नवं हाय का?" त्या म्हणायच्या. "कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्यात मी चैतातल्या उन्हात. डोक्यावर पदर, पायात काय नाय. तवा कुनाचा लाल व्हता अन् कुनाचा पिवळा?" त्यांना मी कसं सांगणार, की तेव्हा त्या विशीत होत्या, झाडाखाली जाऊन बसायला झाड होतं, आणि रात्री अंगणातली माती गार व्हायची. आता आमच्या गल्लीत माती कुठे आहे? सिमेंट दिवसभर पितं आणि रात्रभर ओकतं. घरातल्या भिंतीला पाठ टेकवली तर भाजल्यासारखं होतं. देहाला विसावा मिळत नाही, आणि न विसावलेला देह दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात उभा राहतो. मी हे सांगायला लागले की त्या म्हणायच्या, "लई बोलती तू," आणि मटक्यातलं पाणी प्यायच्या. तेवढं एक बरं.

माझं माहेर वेरूळचं. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, लेण्यांच्या वाटेवर पाटीत काकड्या घेऊन विकायचे. पर्यटक मे महिन्यातही यायचे, घामाघूम होऊन, आणि काकडीची उभी चिरलेली फोड तिखटमीठ लावून खायचे. दादा काकड्यांवर ओलं पोतं टाकून ठेवत. उन्हाचा ताप चढला की पोत्यावर हापशाच्या पाण्याचा हबका मारत. मी शेजारी बसून पोत्याखाली हात घालायचे. बाहेर झळा, दगड तापलेले, आणि आत तो ओला काळोख, गार, ज्यूटचा वास येणारा. वारा लागला की पोतं आणखी गार व्हायचं. पुढे नर्सिंगला गेल्यावर घाम, बाष्पीभवन, देहाचं तापमान हे सगळं पुस्तकातून शिकवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दादांची पाटी होती. घाम म्हणजे देहावरचं ओलं पोतं. ते वाळलं आणि वर पाणी मारायला कुणी नसलं, की माणूस संपतो.

आमच्या केंद्रात उन्हाळ्यापुरती एक खोली रिकामी करतात. एरवी तिथे मोडक्या खुर्च्या आणि जुनी कपाटं असतात. मार्च संपत आला की ती बाहेर निघतात, दोन खाटा आत येतात, कूलर येतो, बर्फाचा डबा, सलाइनच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं. दारावर पाटी लागते, उष्माघात कक्ष. आणि मग आम्ही वाट बघतो. दुसऱ्या कुठल्या कामात माणूस अशी वाट बघत असेल मला माहीत नाही. कुणी येऊ नये म्हणून सगळं मांडून बसायचं. संध्याकाळी वर कळवायचं, आज रुग्ण निरंक. निरंक हा सरकारी शब्द मला आधी कोरडा वाटायचा. आता दिवसभर मी त्याच शब्दासाठी जीव टांगून असते.

तर काही वर्षांपूर्वीचा तो लाल. आदल्या संध्याकाळी फोनवर आला. सकाळी मी डबा भरताना आत्याबाईंना म्हटलं, "आज लाल आहे."

"लाल असू दे न्हायतर हिरवा. पाणी आज येनार हाय."

"दुपारी आलं तर सोडून द्या. एक पाळी गेली तर जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यातली मूर्ती विकायला काढली. आमच्याकडे देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, तरी मला हीच उपमा सुचली, इतका तो राग सात्त्विक होता.

"जाऊ दे म्हनती! मग पुढल्या पाळीपतोर काय शमीमच्या पिंपाकडं बघत बसू? तुजा कूलर काय हवा पिऊन चालतो का?"

खरं होतं. कूलरलाही पाणी लागतं. उन्हापासून वाचायचं तर पाणी हवं आणि पाणी हवं तर उन्हात जायचं, असा आमचा गुंता. आमच्या घरात तर जास्तच, कारण टाकी गच्चीवर. मोटार लावली की नळी टाकीत धरायला वर कुणीतरी लागायचं. नाहीतर पाण्याच्या जोरानं नळी उसळून टाकीबाहेर पडायची आणि सगळं पाणी गच्चीवर. गच्चीवर सावलीचा तुकडा नाही. माझे मिस्टर कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले होते, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. मी ड्युटीवर. घरात त्या एकट्या.

सकाळी पाणी आलं नाही. दुपार व्हायला लागली.

दुपारी आमच्या खोलीत एक माणूस आणला. फरशी बसवणारा कामगार, मजबूत बांध्याचा. सोबतचे म्हणाले, उलटसुलट बोलायला लागला, कुणालाच ओळखेना. हात लावला तर अंग कोरडं, चुलीवरच्या तव्यासारखं. घाम नाही. अशा वेळी मनात दुसरं काही राहत नाही. कपडे ढिले केले, पाणी ओतलं, काखेत बर्फ, जांघेत बर्फ, कूलरचा झोत अंगावर. डॉक्टर मॅडम शीर शोधत होत्या, मी पाणी मारत होते. तो माणूस कुणाला तरी सांगत होता, रेषा चुकली, रेषा चुकली. फरशीची रेषा असावी.

जरा हात मोकळा झाला तसा मी घरी फोन लावला. वाजला. वाजत राहिला. आपोआप बंद झाला.

पुन्हा लावला. मग शमीमखालाला लावला. तोही वाजत राहिला.

मला माहीत होतं दोन्ही फोन कुठे आहेत. पाळीच्या दिवशी आमच्या गल्लीत फोन तांदळाच्या डब्यात जातात. एकदोघींचे फोन पिंपात पडले होते, तेव्हापासून ही रीत. पदर ओले, हात ओले, ओटा ओला, कोरडी जागा एकच, तांदळाचा डबा. शिवाय कुणीतरी सांगितलेलं, ओला झालेला फोन तांदळात ठेवला की सुधारतो. मग आधीच ठेवलेला काय वाईट? तर दोन घरांत दोन डब्यांत, झाकणं लावलेली, तांदळात पुरलेले दोन फोन वाजत होते. बाहेर मोटारींची घरघर. फोन कुणी उचलत नाही याचा अर्थ नळाला पाणी आलं होतं.

आणि नळाला पाणी आलं होतं म्हणजे आत्याबाई गच्चीवर होत्या.

त्या कामगाराला सोडून मला निघता येत नव्हतं. मोठ्या दवाखान्याची गाडी अजून यायची होती. गल्लीतल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या सगळ्यांना मी फोन लावले. एकीनंही उचलला नाही, कारण सगळी गल्ली नळावर होती. केंद्राची आशा सेविका, आमची आशाताई, तिला लावला, ती वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला. "निघते मी, सिस्टर," ती म्हणाली. मी एका हातानं बर्फ चोळत होते आणि दुसऱ्या हातानं नंबर फिरवत होते. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. नळाचा, त्या रंगाचा, तांदळाच्या डब्याचा, आणि गाडीवरून गोड आवाजात घराबाहेर पडू नका म्हणणाऱ्या बाईचा.

तेवढ्यात रिक्षा थेट पायरीपर्यंत आली.

आधी शमीमखाला उतरली. ओढणी नाही, केस सुटलेले, आपादमस्तक भिजलेली, एका पायात चप्पल. "उतारो, जल्दी उतारो!" ती ओरडत होती. आणि आतल्या सीटवर, गल्लीतल्या दोघींच्या मांडीवर, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या आत्याबाई. नुसता चेहरा बाहेर. दादांच्या पाटीतल्या काकडीसारख्या. हे मला त्याही क्षणी आठवलं, आणि आठवलं म्हणून मी खचले नाही. पोत्याखाली हात घातला. अंग गरम होतं, पण पोतं गार होतं.

"यमुने, तू कवा आली?" आत्याबाई मला म्हणाल्या. यमुना त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन कितीतरी वर्षं झालीत.

काय झालं ते खालानं सांगितलं, मी पाणी मारता मारता ऐकलं. ती आपल्या अंगणात पिंपं भरत होती. आमच्या भिंतीवरून पाणी खाली यायला लागलं. गच्चीवरून, पन्हाळीतून, धो धो. "मैंने सोची, गया के घर का पानी गिर रहा, और गया चिल्लाती नै? एक लोटा गिरा तो गल्ली सर पे उठाती वो! तबी मेरेकू समझ गया बेटी." गुडघे दुखतात म्हणून जी बाई स्वतःच्या घरात उंबऱ्याला हात लावून चढते, ती आमचा जिना चढून वर गेली. आत्याबाई टाकीशेजारी पडलेल्या. नळी सापासारखी वळवळत गच्चीभर पाणी फेकत होती. खालानं मोटार बंद करायला कुणाला सांगितलं नाही. तीच नळी उचलून तिनं मैत्रिणीच्या अंगावर धरली. कपाळावर, गळ्यावर, पायांवर. पाळीचं पाणी, पिंपात न जाता, धो धो. मग खालून पोतं मागवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या कामगाराला न्यायला गाडी आली आणि गेली. तो वाचला, हे नंतर कळलं. कूलर चालू होता. आत्याबाईंनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, सलाइनकडे बघितलं, मग मला नीट ओळखून बघितलं. मी वाकले. त्यांचे ओठ हलले.

"मोटार बंद केली का?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकाच वेळी, सगळ्यांसमोर. खालानं कपाळावर हात मारून घेतला. "मरते मरते बी मोटार!" ती म्हणाली आणि खाटेच्या कडेवर मटकन बसली. मी तिला ओआरएस पाजलं. तिनं तोंड वाकडं करून प्यायलं. साखर कमी आहे म्हणाली.

त्या दिवसाचा अहवाल मीच वर कळवला. वय, लिंग, लक्षणं, उपचार, प्रकृती. सगळ्या रकान्यांत माहिती बसली. गच्ची, नळी, मोटार, पाळी यांना रकाना नव्हता. पुढच्या बैठकीत मी उभी राहून बोलले, की लाल दिवशी ज्या भागाची पाळी असेल तिथे पाणी सकाळी सोडता आलं तर बघा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. बघू, असं म्हणाले. बघू हा शब्द मी पुष्कळ उन्हाळे ऐकत आले आहे.

मग मला जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं मी केलं. पुन्हा ध्वनिमुद्रण केलं. शेवटी एक वाक्य वाढवलं. "नळाला पाणी आलं तरी उन्हात एकट्यानं जाऊ नका, शेजारणीला हाक मारा." घंटागाडीच्या ड्रायव्हरनं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, हे वाक्य वरून आलंय का?"

"हो," मी म्हटलं, "आमच्या गच्चीवरून."

त्यानं ते लावलं. आता गल्लीतल्या बायका ते वाक्य माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात आणि एकमेकींना चिडवतात. पण हाक मारतात.

घरातही बदल झाला. मिस्टरांनी पाइप टाकीपर्यंत कायमचा बसवून घेतला, वर चढायचं कामच राहिलं नाही. आत्याबाईंच्या गळ्यात फोनचा बटवा आला, जुन्या खणाचा, त्यांनी स्वतः शिवलेला. लाल दिवशी मी दुपारी फोन करते. त्या उचलतात. "हाय मी. ठिव," एवढंच बोलतात. कधी कधी नुसतं "हाय." आणि त्या एका शब्दानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरतो. पण आत्याबाई आता आधीच्या राहिल्या नाहीत. एकदा ऊन लागलेल्या देहाला ते पुन्हा लवकर लागतं. चालताना त्या भिंतीला हात लावतात. दुपारी उंबऱ्याच्या बाहेर जायचं नाही, हे त्यांनी मान्य केलंय, म्हणजे माझ्यासमोर तरी. खालालाही मी बटवा दिला. तिनं तो आवडला म्हणून कपाटात ठेवला. "मेरा फोन चावल मेंच अच्छा है," ती म्हणाली.

परवा पुन्हा लाल आला. आणि पाळी.

सकाळपासून मला अन्न गोड लागत नव्हतं. खोली मांडलेली. दोन्ही खाटा रिकाम्या. कूलरचं नवं गवत ओलं होऊन वास देत होतं. बाहेर रस्त्यावर एक माणूस नाही, कुत्रीसुद्धा गटारात जाऊन पडलेली. दुपारी मी फोन लावला. समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. आत्याबाई कुणाशी बोलतायत? त्यांना फोन करणारं माझ्याशिवाय कोण आहे? पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लावणार, तोवर त्यांचाच आला. आजवर त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"शमीम उचलंना," त्या म्हणाल्या. धाप लागलेली. "कवाची लावायले. पाणी आलंय, अन् तिचं पाणी दाराबाहीर वाहायलंय. अन् तिचा आवाज नाय."

"आत्याबाई, तुम्ही बाहेर जाऊ नका. मी निघाले. ऐकताय ना? तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर…"

फोन बंद झाला होता.

मॅडमना एवढंच सांगितलं, शेजारी. त्यांनी बर्फाचा डबा माझ्या हातात दिला. स्कूटीचं हँडल धरवत नव्हतं, सीट भाजत होती, हवा तोंडावर चुलीच्या झळेसारखी येत होती. हेल्मेटच्या आत मला माझाच आवाज ऐकू येत होता, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाणी दिसलं. डांबरावरून पातळ, चमकत, वाट काढत माझ्याकडे येत होतं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत वाहतं पाणी म्हणजे काय, ते मला एकदा कळलेलं आहे. मी गाडी तशीच टाकली.

खालाचं दार सताड उघडं. अंगणात पिंप काठोकाठ भरून वाहत होतं. भिंतीच्या कडेला जी वीतभर सावली होती तिच्यात खाला पाय पसरून बसलेली, मान एका बाजूला. आणि तिच्यामागे, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून, आत्याबाई. दोघींच्या डोक्यावरून एकच ओलं पोतं. भिंतीला धरूनच त्या गल्ली ओलांडून आल्या असणार. एका हातानं त्यांनी खालाला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात नळी. नळीचं पाणी खालाच्या गळ्यावरून, छातीवरून, मांडीवरून अंगणात आणि अंगणातून दाराबाहेर जात होतं.

मी गुडघ्यावर बसले. नाडी बघितली. भराभर चालली होती, पण चालली होती. गालावर थापट्या मारल्या, "खाला, मी सुनंदा. डोळे उघड."

डोळे किलकिले झाले. "हौ," ती पुटपुटली. "कायकू मारती?"

मी काखेत बर्फ दाबला. दारात आता गल्ली जमली होती. घरात डबा वाजत होता, तांदळातला, कोण फोन करत होतं कुणास ठाऊक, आशाताई असेल. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अहो, ती मोटार तरी बंद करा. किती पाणी चाललंय वाया."

आत्याबाईंनी वर पाहिलं नाही. नळी हलवली नाही.

"वाहू दे," त्या म्हणाल्या.